क्रूझर मोटारसायकलची देखभाल आणि दोषनिवारण

क्रूझर मोटारसायकलची देखभाल म्हणजे या विशिष्ट धाटणीच्या दुचाकीचे इंजिन, शक्तिवहन, चाके, ब्रेक आणि विद्युत यंत्रणा सुस्थितीत राहावी म्हणून ठरावीक अंतराने केली जाणारी तपासणी, स्वच्छता, वंगण, समायोजन आणि सुटे भाग बदलण्याची कामे होत. बिघाड झाल्यावर त्याचे कारण क्रमाने शोधून ते दूर करण्यास दोषनिवारण म्हणतात. ही दोन्ही कामे परस्परांशी निगडित आहेत. रस्त्यात अचानक उद्भवल्यासारखे वाटणारे बरेचसे बिघाड प्रत्यक्षात तेलाची घटलेली पातळी, सैल झालेली चेन, टायरमधील कमी हवा किंवा बॅटरीचा गंजलेला जोड अशा लहान गोष्टींकडे दीर्घकाळ झालेल्या दुर्लक्षातून निर्माण होतात. टायर किंवा ब्रेक ऐन वेळी निकामी झाल्यास दुचाकीस्वाराला चारचाकीसारखे संरक्षण नसते. त्यामुळे देखभालीचा संबंध खर्चाइतकाच स्वाराच्या आणि मागे बसणाऱ्याच्या सुरक्षिततेशीही येतो.

क्रूझरची रचना आणि तिचे परिणाम

क्रूझर ही शैली १९३० ते १९६० या दशकांतील अमेरिकी मोटारसायकलींच्या धाटणीवर आधारलेली आहे. १९०३ साली मिलवॉकी येथे सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या गाड्या हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण होय. भारतात कावासाकी-बजाज एलिमिनेटर ही गाडी २००१ मध्ये आली आणि २००५ पासून पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीची ॲव्हेंजर विक्रीस आली. रॉयल एनफील्डची मेटिऑर ३५० ही या प्रकारातील गाडी २०२० मध्ये बाजारात आली.

कमी उंचीचे आसन, पुढे सरकवलेले फूटरेस्ट, रुंद हँडल, अधिक तिरपा पुढचा फोर्क, दोन चाकांमधील जास्त अंतर आणि कमी फेऱ्यांवरही जोर देणारे इंजिन ही क्रूझरची लक्षणे होत. या प्रत्येक वैशिष्ट्याचा देखभालीशी संबंध आहे. स्वार मागच्या बाजूला टेकून बसत असल्याने त्याचे बरेचसे वजन मागील चाकावर येते, म्हणून मागील टायर आणि मागचे शॉक ॲब्सॉर्बर यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. पाय पुढे असल्याने खड्ड्यात गाडी आदळताना स्वाराला आसनावरून किंचित उठता येत नाही आणि धक्का थेट पाठीच्या कण्याला बसतो. तिरपा फोर्क सरळ रेषेत स्थैर्य देतो, परंतु त्यावर वाकवणारा भार पडत असल्याने त्याच्या नळ्या व ऑइल सील स्वच्छ ठेवणे महत्त्वाचे ठरते. गाडीचे पोट जमिनीलगत असल्याने उंच गतिरोधकावर सायलेन्सर किंवा इंजिनचा तळ घासू शकतो. असे घासल्यानंतर तेल काढण्याचा नट आणि त्याभोवतालचा भाग पाहणे आवश्यक असते.

देखभालीचे वेळापत्रक

प्रत्येक गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही मापांत वेळापत्रक दिलेले असते. यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते लागू धरावयाचे असते. गाडी कमी चालवली तरी तेल, ब्रेक फ्लुइड आणि रबरी भाग काळानुसार खराब होतात, म्हणून केवळ किलोमीटर मोजणे पुरेसे नसते. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग सामान्यतः ५०० ते १००० किलोमीटरदरम्यान केली जाते. सुरुवातीच्या काळात इंजिनचे भाग एकमेकांवर घासून बसतात व त्या वेळी सुटलेले धातूचे सूक्ष्म कण तेलात उतरतात. पहिले तेल लवकर बदलण्याचे कारण हेच आहे.

प्रवासास निघण्यापूर्वी पुढील तपासणीस काही मिनिटे पुरतात:

- दोन्ही टायरमधील हवा, तसेच टायरमध्ये रुतलेले खिळे व काचा
- पुढच्या व मागच्या ब्रेकची पकड आणि ब्रेक लाइट
- इंजिन तेलाची पातळी आणि गाडीखाली तेलाचे थेंब
- चेनचा ताण व वंगण
- हेडलाइट, इंडिकेटर आणि हॉर्न
- क्लच व ॲक्सिलरेटरची मुक्त हालचाल
- सामानाच्या पिशव्या आणि त्यांचे बंध

इंजिन तेल

तेल इंजिनच्या भागांमधील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी धरून ठेवते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत त्याचे महत्त्व विशेष असते. ॲव्हेंजर २२० सारख्या काही गाड्यांत तेल थंड करण्यासाठी स्वतंत्र ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याच्या जाळीत चिखल किंवा किडे अडकल्यास तेल पुरेसे थंड होत नाही.

बहुतेक गाड्यांत पातळी पाहताना इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे आणि मग गाडी सपाट जागी सरळ उभी धरून काचेतून अथवा पट्टीवर पातळी पाहावी. अशा गाडीत साइड स्टँडवर तिरकी उभी असताना पाहिलेली पातळी चुकीची असते. काही अमेरिकी गाड्यांची पातळी मात्र साइड स्टँडवरच पाहावयाची असते, म्हणून पुस्तिकेतील सूचना निर्णायक मानावी. मोठ्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांत इंजिन, प्राथमिक शक्तिवहन आणि गिअरबॉक्स यांची तेले वेगवेगळी असतात व तिन्ही स्वतंत्रपणे बदलावी लागतात.

तेलाची निवड करताना १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांसारख्या श्रेणीबरोबरच जासो एमए अथवा एमए२ ही खूण पाहिली जाते. बहुसंख्य मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच तेलात भिजलेला असतो. मोटारगाडीसाठी बनवलेल्या काही तेलांत घर्षण घटवणारी द्रव्ये असतात व त्यामुळे असा क्लच घसरू लागतो. तेल बदलताना फिल्टर बदलणे अथवा जाळी धुणे हेही पुस्तिकेनुसार केले जाते. काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. भारतीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.

एअर फिल्टर, प्लग आणि इंधन

धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर चोंदतो. हवा कमी मिळाल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, गाडीचा जोर व मायलेज घटते आणि प्लगवर काजळी धरते. कागदी फिल्टर पाण्याने धुतल्यास निकामी होतो, तर स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून व सूचनेप्रमाणे तेल लावून पुन्हा वापरता येतो.

प्लगच्या टोकाचा रंग ज्वलनाची स्थिती सांगतो. फिकट तपकिरी रंग सुस्थितीचा, कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोलची, पांढरट भाजलेले टोक अतिरिक्त उष्णतेचे किंवा पातळ मिश्रणाचे आणि तेलकट ओले टोक इंजिनात तेल जळत असल्याचे लक्षण मानले जाते. ॲव्हेंजरच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. त्यांतील एक बंद पडला तरी गाडी दुसऱ्यावर चालत राहते. त्यामुळे दोष लगेच ध्यानात येत नाही, केवळ जोर व मायलेज कमी झाल्याचे जाणवते. दोन्ही प्लग एकाच वेळी बदलणे म्हणूनच इष्ट असते.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाल्यानंतर नव्या क्रूझरमध्ये कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तळाला साचलेला गाळ काढावा लागतो आणि आयडलिंग हाताने जुळवता येते. इंजेक्शनच्या गाडीत हे काम संगणकीय नियंत्रक करतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. पुरेसे पाणी मिसळल्यास इथेनॉल व पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर चांगले असणे यासाठी गरजेचे आहे.

चेन, पट्टा आणि शाफ्ट

भारतातील बहुतेक क्रूझरमध्ये मागील चाकाला चेनद्वारे गती मिळते. ५०० ते १००० किलोमीटर अंतराने आणि पावसात भिजल्यानंतर चेन स्वच्छ करून तिला वंगण द्यावे लागते. आधुनिक चेनच्या कड्यांमध्ये ग्रीस अडवून ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग असतात. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश यांमुळे त्या खराब होतात, म्हणून रॉकेल अथवा चेनसाठीचे द्रावण आणि मऊ ब्रश वापरतात. वंगण चेनच्या आतील बाजूस लावल्यास चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने सर्वत्र पसरते.

चेनचा ताण खालच्या बाजूच्या मध्यावर वर-खाली हलवून मोजतात. अनेक गाड्यांत तो सुमारे २० ते ३५ मिलिमीटरच्या मर्यादेत असतो, मात्र नेमका आकडा गाडीनुसार बदलतो. फार सैल चेन उडून मागील चाक अडकवू शकते. फार ताणलेली चेन बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर भार टाकते. चेन सर्वत्र सारखी झिजत नसल्याने चाक फिरवून सर्वांत घट्ट जागी मोजमाप घ्यावे आणि ताण जुळवल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत याची खात्री करावी. स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेले दिसल्यास चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलतात, कारण जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते.

इंजिन चालू ठेवून व गिअर टाकून फिरत्या चेनला कापड लावण्याची पद्धत अत्यंत धोकादायक आहे. कापडाबरोबर बोटे स्प्रॉकेटमध्ये ओढली जाऊन ती तुटू शकतात. चेन साफ करताना इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे.

दातेरी पट्ट्याच्या गाड्यांत वंगण लागत नाही. त्यांत ताण, भेगा आणि दातांत अडकलेले खडे पाहिले जातात. शाफ्टच्या गाड्यांत मागील गिअरचे तेल ठरावीक काळाने बदलतात.

टायर आणि चाके

टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी. थोडे अंतर चालल्यावर टायर तापून दाब वाढलेला दिसतो. एकट्या स्वारासाठी आणि मागे बसणाऱ्यासह जाण्यासाठी मागील टायरचा दाब अनेकदा वेगळा दिलेला असतो. हवा कमी असल्यास टायरच्या कडा झिजतात व जड क्रूझर वळणावर सुस्त आणि डगमगती वाटते. हवा जास्त असल्यास मध्यभाग झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड घटते.

खाचांमध्ये ठरावीक अंतरावर झीज दाखवणारे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की टायर बदलावा लागतो. टायरच्या बाजूवरील चार आकडी सांकेतिक क्रमांक निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवतो. उदाहरणार्थ, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. खाचा शिल्लक असूनही रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील, तर असा टायर विश्वासार्ह नसतो. तारांच्या चाकांत प्रत्येक तार हलक्या हाताने वाजवून पाहतात. सैल तारेचा आवाज इतरांपेक्षा बद्द येतो.

ब्रेक

ब्रेकच्या पॅडवरील झीजदर्शक खाच नाहीशी होण्यापूर्वीच पॅड बदलणे आवश्यक असते. घर्षणाचा थर संपल्यावर धातू डिस्कवर घासतो, खरखर आवाज येतो आणि डिस्कही निकामी होते. ड्रम ब्रेकमध्ये झिजेबरोबर पॅडलची हालचाल वाढत जाते व ती नटाने जुळवता येते. जुळवण्याची मर्यादा संपल्यावर ब्रेक शू बदलतात.

डिस्क ब्रेकमधील फ्लुइड हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू कमी होतो. लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास हे फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, लिव्हर मऊ पडते आणि ब्रेक लागत नाही. सह्याद्रीतील आंबोली किंवा ताम्हिणीसारखे घाट उतरताना म्हणूनच खालचा गिअर वापरून इंजिनच्या रोधाने वेग आवरणे आणि ब्रेक थांबून थांबून लावणे योग्य ठरते. पाय सतत मागील ब्रेकच्या पॅडलवर टेकलेला राहिल्यासही हाच दोष उद्भवतो. फ्लुइड सामान्यतः दर दोन वर्षांनी बदलतात. डॉट ३ व डॉट ४ ही द्रव्ये रंग खराब करतात, तर सिलिकॉनयुक्त डॉट ५ त्यांच्यात मिसळता येत नाही. झाकणावर लिहिलेला प्रकारच वापरावा.

क्रूझरचे वजन मागे अधिक असल्याने तिचा मागील ब्रेक इतर अनेक मोटारसायकलींपेक्षा अधिक उपयोगी पडतो. तरीही थांबण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. म्हणून दोन्ही ब्रेक सुस्थितीत असावे लागतात.

फोर्क, कोन सेट आणि क्लच

फोर्कच्या नळीवर तेलाचे कडे दिसणे म्हणजे ऑइल सील गळत असल्याची खूण होय. हे तेल खाली ओघळून ब्रेक पॅडवर गेल्यास ब्रेक निकामी होतो. पुढील चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवल्यास ते सलग फिरले पाहिजे. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडकत असेल, तर कोन सेटच्या बेअरिंगमध्ये झीज झालेली असते. फोर्क पुढे-मागे ओढल्यावर खटखट जाणवल्यास कोन सेट सैल असतो.

क्लचच्या लिव्हरला थोडी मोकळी हालचाल असावी लागते. ती मुळीच नसेल तर क्लच पूर्ण पकडत नाही व घसरून जळतो. ती फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल लागण्यास त्रास होतो. केबलची एखादी जरी तार तुटलेली दिसली, तरी संपूर्ण केबल लगेच बदलावी.

बॅटरी आणि विद्युत यंत्रणा

पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा विश्रांत अवस्थेतील दाब सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. इंजिन मध्यम वेगावर चालू असताना तो सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्टदरम्यान यावा. तो वाढत नसल्यास अल्टरनेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा वायरिंगमध्ये दोष संभवतो. १ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू राहतो. त्यात जास्तीचे दिवे व मोठे हॉर्न जोडल्यास मंद वाहतुकीत बॅटरी पुरेशी भारित होत नाही. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडतात व बसवताना ते शेवटी जोडतात. यामुळे पाना गाडीच्या सांगाड्याला लागून ठिणगी उडण्याचा धोका टळतो.

दोषनिवारणाची पद्धत

दोष शोधताना सोप्या व बाहेरून दिसणाऱ्या कारणांपासून आरंभ करून क्रमाने खोल कारणांकडे जावे आणि एका वेळी एकच बदल करावा. पेट्रोल इंजिनला हवा, पेट्रोल, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब या चार गोष्टी लागतात. इंजिन सुरू होत नसल्यास यांपैकी कोणती गोष्ट नाही, हाच मूळ प्रश्न असतो.

स्टार्टर मुळीच फिरत नाही: प्रथम हँडलवरील इंजिन बंद करण्याचा स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल आणि क्लच तपासावा. अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकल्यास इंजिन बंद पडते. केवळ टकटक आवाज येऊन दिवे मंदावत असतील तर बॅटरी उतरलेली किंवा तिचे जोड सैल असतात. दिवेच लागत नसल्यास मुख्य फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त क्षमतेचा फ्यूज लावल्यास वायरिंगला आग लागू शकते.

स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही: टाकीत पेट्रोल आहे काय आणि जुन्या गाडीत कॉक उघडा आहे काय हे पाहावे. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर इंधन पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणणारा आवाज आला पाहिजे. गाडी पडली असल्यास कल ओळखणारा सेन्सर इंजिन थांबवतो. अशा वेळी गाडी उभी करून, पेट्रोल सांडलेले नाही हे पाहून, चावी बंद-चालू करावी लागते. प्लग काढल्यावर तो पेट्रोलने ओला आढळल्यास पुसून वाळवावा.

चालताना इंजिन बंद पडते व काही वेळाने पुन्हा सुरू होते: टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दोष तोच असतो. मुसळधार पावसात हेच घडल्यास प्लग कॅपमध्ये शिरलेले पाणी हे संभाव्य कारण होय.

इंजिन फार तापते: तेलाची पातळी, ऑइल कूलर आणि चिखलाने भरलेले इंजिनचे पंखे तपासावेत. व्ही आकाराच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात मागील सिलिंडरला कमी वारा मिळतो, त्यामुळे वाहतुकीच्या कोंडीत तो आधी तापतो. दीर्घकाळ थांबावे लागल्यास इंजिन बंद करणे हिताचे असते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास धातूला तडे जाऊ शकतात.

इंजिनच्या फेऱ्या वाढतात, पण वेग वाढत नाही: क्लच घसरत असतो. प्रथम केबलची मोकळी हालचाल, नंतर तेलाचा प्रकार आणि शेवटी क्लच प्लेट पाहाव्यात.

गाडी वेगात डगमगते: वेग हळूहळू कमी करून टायरमधील हवा, कोन सेट, चाकाचे बेअरिंग, मागील स्विंगआर्मचे बुश आणि तारा या क्रमाने तपासणी करावी. क्रूझरवर बसवलेली मोठी काच आणि एका बाजूस जड भरलेल्या पिशव्या यांमुळेही हा दोष उद्भवतो.

धूर: निळसर धूर तेल जळत असल्याचे आणि काळा धूर जास्त पेट्रोलचे लक्षण असते. थंडीत सुरुवातीस दिसणारा पांढरा धूर बहुधा पाण्याची वाफ असते. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनात तो सतत राहिल्यास शीतक सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता असते.

पावसाळा आणि दीर्घकाळ उभी गाडी

पावसाळ्यात चेन, केबल आणि विद्युत जोड यांना अधिक वेळा वंगण व स्वच्छता लागते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे क्रोमच्या भागांवर गंज लवकर चढतो. क्रूझरवर असे भाग पुष्कळ असल्याने गोड्या पाण्याने धुऊन ते कोरडे पुसणे आवश्यक ठरते. उच्च दाबाचे पाणी चाकाच्या बेअरिंगवर किंवा कोन सेटवर मारल्यास आतील ग्रीस निघून जाते.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास टाकी भरून ठेवणे, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढणे, बॅटरी वेगळी करून अधूनमधून भारित करणे आणि टायरमध्ये योग्य हवा ठेवणे हे उपाय केले जातात. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो व तो प्राणघातक ठरतो.

तज्ज्ञ मेकॅनिकची आवश्यकता

हवा, तेल, चेन, प्लग, केबल आणि बॅटरीचे जोड ही कामे सराव झाल्यावर मालकाला स्वतः करता येतात. ब्रेकच्या हायड्रॉलिक भागांची जुळणी, एबीएस, फोर्कची उघडझाप, चाकाच्या तारा ताणणे आणि इंजिन खोलणे यांसाठी विशेष हत्यारे व अनुभव लागतात. मीटरवरील इंजिनचा किंवा एबीएसचा दिवा सतत जळत राहिल्यास नियंत्रकात साठवलेला सांकेतिक दोष वाचून घ्यावा लागतो. एबीएसचा दिवा गाडी सुरू केल्यावर लागणे आणि थोडी पुढे गेल्यावर विझणे हे मात्र सामान्य आहे.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग वहीत नोंदवल्यास पुढील दोष शोधणे सुकर होते. तेल किंवा मायलेज नेहमीपेक्षा लवकर घटू लागल्याचे अशा नोंदींवरून बिघाड होण्यापूर्वीच लक्षात येते.